चकाकत्या पत्र्यावरचा उजेड

दसरा, पाडवा, अक्षय तृतीया. नवी गाडी दारात येते. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि मग फोटो. डोळ्यांसमोर लखलखणारी तीच गाडी फोनच्या पडद्यावर मात्र फुगीर, मळकट आणि निस्तेज दिसते. दारावर समोरच्या घराचं प्रतिबिंब, काचेत विजेच्या तारा, चाकांच्या जागी काळोख. पहिला विचार येतो तो कॅमेरा बदलण्याचा. खरं तर कॅमेरा सगळ्यात शेवटी बदलायची गोष्ट आहे. आधी उजेड, मग जागा, मग सेटिंग आणि त्यानंतर संपादन हा क्रम पाळला, तर हातातल्या फोनवर किंवा जुन्या डीएसएलआरवरही गाडीचा देखणा फोटो मिळतो. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरसारख्या गावात राहणाऱ्या हौशी फोटोग्राफरकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर महानगरातल्या व्यावसायिकापेक्षाही जास्त आहेत: मोकळं आकाश आणि मोकळं क्षितिज.

आधी समजून घ्यायचा तो आरसा

माणसाच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून कुठूनही पाहिलं तरी चेहरा दिसतो. गाडीचं तसं नाही. रंगावर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो आणि तो गुळगुळीत असल्यामुळे आरशाचं काम करतो. आपण गाडीचा फोटो काढतो तेव्हा बऱ्याच अंशी गाडीच्या आजूबाजूचा फोटो काढत असतो, फक्त तो वळणदार पत्र्यावर उमटलेला असतो. बॉनेट आणि छत आकाश दाखवतात. दारं समोरची जमीन, भिंत, झाडं आणि फोटो काढणारा माणूसही दाखवतात.

म्हणून गाडी उभी करताना तिच्या मागे काय आहे यापेक्षा तिच्या समोर, म्हणजे आपल्या पाठीमागे, काय आहे हे आधी पाहावं. पाठीमागे दुकानांच्या पाट्या आणि खांब असतील तर दारावर चट्ट्यापट्ट्यांची गर्दी होणार. पाठीमागे कापणी झालेलं धानाचं बांध-बांध पसरलेलं शेत असेल, तर दारावर एकच स्वच्छ रेषा उमटते: खाली गडद जमीन, वर उजळ आकाश. ही रेषा गाडीच्या अंगाची घडण दाखवते. डिझाइनरनं पत्र्याला दिलेली प्रत्येक घडी तिच्यामुळे वाचता येते. भिवापूर सोडून उमरेडच्या किंवा नागभीडच्या बाजूला थोडं गेलं, की अशा जागा हव्या तेवढ्या सापडतात. फोटो काढताना गडद, साधे कपडे घालावेत. भडक शर्ट दारात दिसतो.

भिवापूरचा सूर्य

इंटरनेटवरचे बहुतेक धडे युरोप-अमेरिकेतल्या फोटोग्राफरांनी दिलेले असतात. त्यातला ‘गोल्डन अवर’, म्हणजे सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी तास, शब्दशः घेतला तर इथे फसगत होते. भिवापूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून १० अंशांवर असलेला सूर्य मावळायला इथे ४५ ते ५० मिनिटं घेतो. लंडनमध्ये जून महिन्यात तेवढ्याच उतरणीला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो, कारण तिथे तो फार तिरका उतरतो. सूर्य मावळल्यावर आकाश निळं होतं आणि तरी वस्तू दिसत राहतात, तो संधिप्रकाशही इथे जेमतेम २२ ते २५ मिनिटांचा. त्यामुळे जागा आधी पाहून ठेवावी, गाडी आधी धुऊन-पुसून उभी करावी, आणि उजेड चांगला होईल तेव्हा फक्त बटण दाबायचं उरावं.

भिवापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा छत आणि बॉनेट पांढरेफटक होतात, दारं आणि चाकं सावलीत बुडतात. असा फोटो कोणत्याही ॲपनं सावरत नाही. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य ४६ अंशांच्या वर चढत नाही. म्हणून विदर्भातला हिवाळा हा गाड्यांच्या फोटोंचा खरा हंगाम. उजेड तिरका, हवा थंड, आणि सकाळी शेतांवर धुकं.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि दुरून, लांब लेन्सनं घेतलेल्या फोटोतल्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. फोकस चुकला असं वाटतं, पण दोष हवेचा असतो. मे महिन्यात फोटो काढायचाच असेल तर सूर्योदयाच्या आसपास काढावा. पावसाळ्यात मात्र ढगाळ आकाश हे फुकट मिळालेलं भलंमोठं सॉफ्टबॉक्स आहे. सावल्या मऊ होतात, ओला रस्ता गाडीचं प्रतिबिंब दाखवतो, आणि रंग खोल दिसतात.

किती अंतरावर, किती उंचीवर

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची दृष्टी रुंद असते, म्हणून आपण नकळत गाडीच्या फार जवळ जातो. इथे साधं गणित उपयोगी पडतं. ४ मीटर लांबीच्या गाडीच्या नाकापासून २ मीटरवर उभे राहिलात, तर मागचा भाग तुमच्यापासून ६ मीटरवर आहे. पुढचा भाग मागच्याच्या तिप्पट मोठा दिसणार. म्हणून बॉनेट फुगतं आणि डिकी नाहीशी होते. नाकापासून १० मीटरवर गेलात तर प्रमाण १० ला १४, म्हणजे फक्त १.४ पट. गाडी डोळ्यांना दिसते तशी दिसते. आकार बदलतो तो अंतरामुळे, लेन्समुळे नाही. लेन्स फक्त चौकट आवळते. तेव्हा फोनवर २ किंवा ३ पट टेलिफोटो वापरून मागे सरकावं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटर, आणि एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ ते ५५ मिलिमीटर हा चांगला पल्ला. किटसोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सचं ५५ हे टोक त्यासाठी पुरेसं आहे.

कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणावा. उभ्यानं काढलेल्या फोटोत गाडी खेळण्यासारखी दिसते. गुडघ्यावर बसून काढलेल्या फोटोत ती जमिनीवर घट्ट बसते. समोरून तिरक्या कोनातला फोटो घेताना पुढची चाकं थोडी वळवावीत. कॅमेरा गाडीच्या डाव्या अंगाला असेल तर स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे अलॉय व्हीलचा चेहरा आपल्याकडे येतो आणि टायरची नुसती नक्षी दिसत नाही. पार्श्वभूमीतला खांब छतातून उगवलेला दिसत असेल तर अर्धं पाऊल बाजूला सरकावं. संपादनात तो पुसत बसण्यापेक्षा हे सोपं आहे.

पांढरी, काळी आणि लाल

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीनं करडं आहे असं धरून चालतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पांढऱ्या गाडीनं चौकट भरली, की तो उजेड कमी करतो आणि पांढरी गाडी राखाडी होते. काळ्या गाडीचं उलट: तो उजेड वाढवतो आणि काळा रंग धुरकट होतो. उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा. पांढऱ्या गाडीला अधिक ०.७ ते अधिक १, काळ्या गाडीला उणे ०.७ ते उणे १. फोनवर गाडीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात, आणि शेजारची सूर्याची खूण वर-खाली करून हीच दुरुस्ती करता येते. पांढऱ्या गाडीचे कडक उन्हातले चकाकते ठिपके जळू द्यायला हरकत नाही, पण अख्खं दार जळता कामा नये.

लाल गाडीची गोष्ट वेगळी, आणि ती भिवापुरात सांगण्यासारखी आहे. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हंगामात सातऱ्यांवर, म्हणजे मिरची खुडण्याच्या जागांवर, आणि वाळवणांवर पसरलेल्या मिरचीचा फोटो अनेकांनी काढला असेल आणि त्यात ढिगाऱ्याचा एक सपाट लाल डाग झालेला पाहिला असेल. लाल गाडीचंही तेच होतं. सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा मोजतो. कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या एकत्रित आलेखात (हिस्टोग्राममध्ये) हिरव्याचा वाटा जास्त आणि लालचा कमी असतो. त्यामुळे आलेख निर्धोक दिसत असतानाच लाल वाहिनी भरून वाहत असते, आणि तिच्यासोबत पत्र्याच्या सगळ्या घड्या पुसल्या जातात. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर तो लावावा, आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की एक्स्पोजर ०.७ किंवा १ नं खाली आणावं. फोनवर ‘व्हिव्हिड’ किंवा रंग भडक करणारा मोड बंद ठेवावा. वाळवणाचा आणि लाल गाडीचा एकत्र फोटो घ्यायचा असेल, तर गाडी सावलीत आणि मिरची सौम्य उन्हात ठेवली की दोन्ही लाल एकमेकांपासून सुटे होतात.

उभ्या गाडीसाठी बाकी सेटिंग सोपी आहेत. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ च्या आसपास, म्हणजे पुढच्या लोगोपासून मागच्या दिव्यापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोनचा पोर्ट्रेट मोड टाळावा, कारण तो पार्श्वभूमीसोबत साइड मिरर आणि अँटेनाच्या कडाही खातो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर संध्याकाळचा सोनेरी रंग कॅमेरा ‘दुरुस्त’ करून टाकतो. तो ५,२०० ते ५,५०० केल्विनवर, म्हणजे सूर्याच्या खुणेवर, पक्का करावा.

धावत्या गाडीचं गणित

धावत्या गाडीचा फोटो १/१००० सेकंदानं घेतला तर ती रस्त्यात उभी असल्यासारखी दिसते. कारण चाकात आहे. साधारण ६४ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ २ मीटर. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे चाकाचे ५ फेरे. १/१००० सेकंदात चाक २ अंशांपेक्षाही कमी फिरतं. १/६० सेकंदात मात्र ते ३० अंश फिरतं, आणि १/३० मध्ये ६० अंश. चाकाचे आरे विरघळले की डोळ्याला वेग दिसतो. गाडी स्पष्ट राहावी म्हणून कॅमेरा तिच्या वेगानं फिरवायचा, यालाच पॅनिंग म्हणतात. पाय रोवून उभं राहावं, कोपर अंगाला चिकटवावं, कंबरेतून वळावं, आणि बटण दाबल्यावरही हालचाल थांबवू नये. कॅमेरा शटर प्रायॉरिटी मोडवर ठेवावा, सुरुवात १/१२५ नं करावी आणि हात बसला की १/६० कडे यावं. पहिले बरेच फोटो वाया जातात. ते शिकण्याचाच भाग आहेत.

भर उन्हात हे फोनला जमत नाही. बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही आणि मोठं असतं, एफ १.८ आणि आयएसओ ५० असताना उन्हात शटर १/४००० च्या आसपास जातं. एक तर लेन्ससमोर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर हवा, नाही तर सूर्य मावळल्यानंतरची वेळ.

फोननं धावती गाडी टिपताना कधी चाकं लंबवर्तुळाकार आणि तिरपी दिसतात. बहुतेक फोनचा सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीनं वाचतो, आणि तेवढ्या वेळात चाक पुढे सरकलेलं असतं. ही गंमत शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समध्ये १८९४ साली जन्मलेल्या झाक आंरी लार्तिगनं १९१२-१३ च्या सुमारास ग्रां प्री शर्यतीत एका मोटारीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून उभी सरकत होती आणि तो स्वतः कॅमेरा गाडीसोबत फिरवत होता. परिणामी मागचं चाक पुढे झुकलं, आणि कडेचे प्रेक्षक व खांब उलट दिशेला कलले. पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लार्तिगचं प्रदर्शन झालं आणि वेग दाखवणारं अभिजात चित्र म्हणून तो फोटो जगभर ओळखला जाऊ लागला. तंत्राची मर्यादा कुठून येते हे कळलं, की तिचा उपयोगही करून घेता येतो.

एक फिल्टर, भरपूर फरक

गाडीच्या फोटोंसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती सर्क्युलर पोलरायझर असावी. काच, रंग, प्लास्टिक आणि पाणी यांच्यावरून तिरका परावर्तित झालेला उजेड एका ठराविक प्रतलात कंप पावतो. फिल्टर फिरवला की तो अडतो. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिलं, तर परिणाम सगळ्यात जास्त दिसतो: पुढच्या काचेवरचं आकाश नाहीसं होतं आणि आतलं डॅशबोर्ड दिसू लागतं. क्रोम आणि उघड्या धातूवरचं प्रतिबिंब मात्र जात नाही, कारण तिथे उजेडाचं असं ध्रुवीकरण होत नाही.

पोलरायझर फिरवून एकाच वेळी सगळी प्रतिबिंबं जातील अशी अपेक्षा ठेवू नये. बॉनेटसाठी एक कोन लागतो, दारासाठी दुसरा. ट्रायपॉडवर दोन फोटो घेऊन ते संपादनात एकमेकांवर ठेवावेत आणि हवा तो भाग मास्कनं निवडावा. शिवाय सगळीच प्रतिबिंबं काढली तर पत्रा मॅट रंगासारखा निर्जीव दिसतो. थोडी चमक राहू द्यावी. बाजूच्या टफन्ड काचेवर कधी कधी इंद्रधनुषी ठिपके उमटतात. काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण फिल्टरमधून दिसतो. ठिपके नको असतील तर फिल्टर थोडा फिरवावा. हा फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेडही खातो, म्हणून संध्याकाळ गडद झाली की काढून ठेवावा.

अंधारातली गाडी

संधिप्रकाशाच्या त्या वीसेक मिनिटांत गाडीचे दिवे आणि आकाश यांचा उजेड जुळतो. तेव्हा कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, आणि हाताचा धक्का टाळायला दोन सेकंदांचा टायमर. नव्या गाड्यांचे एलईडी दिवे प्रत्यक्षात वेगानं उघडझाप करतात. शटर फार जलद असेल तर एक दिवा विझलेला किंवा पट्टेरी दिसतो. १/६० किंवा त्याहून संथ शटर ठेवावं.

पूर्ण अंधारात लाइट पेंटिंग करून पाहावं. शटर २० ते ३० सेकंद उघडं ठेवायचं आणि एलईडीची पट्टी हातात घेऊन गाडीच्या छताच्या रेषेवरून, दारांच्या बाजूनं, एकसारख्या गतीनं चालायचं. बॉनेट, बाजू आणि चाकं यांचे वेगवेगळे फोटो घेऊन ते लेयरमध्ये ‘लाइटन’ मोडनं एकत्र करायचे. स्टुडिओतल्या जाहिरातीसारखी लांब, मऊ चमक त्यातून मिळते. हे काम स्वतःच्या अंगणात किंवा परवानगी घेतलेल्या मोकळ्या जागेतच करावं. महामार्गाच्या कडेला गाडी लावून, किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत रात्री थांबून फोटो काढणं माणसांच्या आणि वन्यजीवांच्या जिवावर बेतू शकतं.

संपादन: किती आणि कुठे थांबायचं

शक्य असेल तिथे रॉ फाइलमध्ये फोटो घ्यावा. जेपेग म्हणजे दळून आणलेलं तिखट, रॉ म्हणजे देठासकट वाळलेली मिरची. कसं आणि किती दळायचं हे अजून आपल्या हातात असतं. आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतला टायर उजळवताना हा फरक लगेच कळतो. लाइटरूम आणि स्नॅपसीड फोनवर चालतात. संगणकावर डार्कटेबल आणि गिम्प मोफत आहेत.

क्रम असा ठेवावा. आधी क्षितिज सरळ करून चौकट कापावी, आणि गाडी जिकडे तोंड करून आहे तिकडे जास्त जागा सोडावी. मग व्हाइट बॅलन्स. मग एक्स्पोजर, त्यानंतर हायलाइट खाली आणि शॅडो थोड्या वर. मग मास्क: पार्श्वभूमी किंचित गडद, चाकं आणि चाकांच्या वरच्या कमानी किंचित उजळ. यानंतर धुळीचे डाग आणि रस्त्यावरचा कचरा पुसावा. रंग सगळ्यात शेवटी. एकूण सॅच्युरेशन वाढवलं तर गाडीसोबत गवत आणि आकाशही ओरडू लागतात. त्याऐवजी फक्त गाडीच्या रंगाची पट्टी हलवावी. ‘क्लॅरिटी’ पत्र्यावर जास्त लावली की गाडी धुतलेली असूनही मळकी दिसते. ती टायर आणि ग्रिलपुरतीच ठेवावी. फोनचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवून रात्री संपादन केलेला फोटो छापल्यावर काळवंडतो, म्हणून पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा. छापायला फार मोठी फाइल लागत नाही: १२ बाय ८ इंचांच्या छपाईला ३०० डीपीआयनं ३,६०० बाय २,४०० पिक्सेल, म्हणजे ९ मेगापिक्सेलहूनही कमी. व्हॉट्सॲपवर पाठवताना मात्र फोटो दाबला जातो. तो एचडी पर्यायानं किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

सेटिंग आणि संपादन हातात बसलं, की गाडीपलीकडे पाहावं. जयपूरचे जगप्रसिद्ध छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांचं ‘अ वे इंटू इंडिया’ हे पुस्तक २००२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. त्यात ॲम्बेसेडर गाडी आहे, पण तिच्या काचा, दारं आणि आरसे चौकटी बनतात आणि त्यांतून देश दिसतो. भिवापुरातल्या हौशी फोटोग्राफरनं आपल्या गाडीच्या आरशात मिरची खुडणाऱ्या बायांचा सातरा, बाजाराचा दिवस किंवा धानाची रोवणी पकडली, तर तो फोटो शोरूमच्या कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. माणसं चौकटीत येत असतील तर आधी त्यांना विचारावं.

संपादनाची एक सीमा मात्र कधी ओलांडू नये. गाडी विकण्यासाठी फोटो काढत असाल तर दारावरचा पोचा, उडालेला रंग, झिजलेला टायर पुसून टाकू नका. उजेड चांगला घ्या, गाडी धुवा, कोन देखणा निवडा, आणि जिथे खरचटलं आहे तिथला फोटो जवळून, स्पष्ट काढून सोबत जोडा. अनोळखी लोकांना फोटो दाखवताना नंबर प्लेट झाका. आणि नवा कॅमेरा घ्यायचा विचार मनात आला, तर तो या हिवाळ्यापुरता बाजूला ठेवा. एकच गाडी, एकच जागा घ्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिचे फोटो काढा. ते तीन फोटो शेजारी ठेवून पाहिलेत की पुढचा खर्च कशावर करायचा, किंवा करायचा की नाही, हे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.